मोडरखात: फ्रिसलंडमधलं कोळ्याचं घर, आणि भिंतीवरची ती लाकडी परात

उत्रेख्तवासी

मागच्या आठवड्यात सुट्टीसाठी फ्रिसलंडला जाऊन आलो. नेदरलँड्सच्या उत्तरेला पार टोकाला, समुद्राच्या बांधाला चिकटून मोडरखात नावाचं गाव आहे, तिथे एक जुनं घर आठवडाभर भाड्याने घेतलं होतं. गावाचं नाव लिहिताना 'ग' लिहितात पण उच्चार घशातल्या 'ख'सारखा, म्हणून मी मोडरखात लिहितोय. मोडर म्हणजे चिखल आणि खात म्हणजे खड्डा, भोक. चिखलाचा खड्डा! बायको म्हणाली सुट्टीला जायला हेच गाव सापडलं का, पण गेल्यावर तीच परत यायला तयार नव्हती.

घर एका कोळी कुटुंबाचं होतं, दीडशे वर्षांच्या वर जुनं. विटांचं, बसकं, कौलं लाल, आत एकच मोठी खोली आणि मागे शेड. भिंतीत कपाट असावं तसा दारवाला पलंग आहे, दार उघडलं की आत गादी. पूर्वी लोक त्यात जवळजवळ बसूनच झोपायचे असं सांगतात. माझी उंची पाच फूट नऊ इंच, माझे पाय काही त्यात मावले नाहीत, शेवटी मुलगी झोपली तिथे आणि तिला ते इतकं आवडलं की घरी आल्यावर तसंच करून हवंय.

घराच्या मागे पन्नास पावलांवर डाइक, म्हणजे समुद्राचा बांध. हिरवागार, उंच, वर मेंढ्या चरतात. मेंढ्या हौसेला ठेवलेल्या नाहीत बरं का, त्यांच्या चरण्याने गवत आखूड आणि दाट राहतं आणि खुरांनी माती दाबली जाते, त्यामुळे बांध मजबूत राहतो. फाटक उघडलं की मागे लावायचंच, नाहीतर मेंढ्या गावात. घरातून समुद्र अजिबात दिसत नाही, बांधावर चढलं की एकदम समोर सगळं उघडं होतं. आणि आम्ही पहिल्यांदा चढलो तेव्हा समोर पाणीच नव्हतं! ओहोटी होती. मैलोन् मैल राखाडी चिखल, त्यात चमकणाऱ्या पाण्याच्या नागमोडी रेघा, हजारो पक्षी, आणि लांब क्षितिजावर आमेलंड आणि स्खिरमोनिकओख ही दोन बेटं. सहा तासांनी परत चढलो तर तिथेच लाटा आपटत होत्या.

त्याच बांधावर एक स्मारक आहे. ५ आणि ६ मार्च १८८३ च्या मधल्या रात्री वादळ झालं त्यात या एका जुळ्या गावाच्या (पासेन्स आणि मोडरखात, मधे एक ओढा आहे फक्त) २२ होड्यांपैकी १७ बुडाल्या आणि ८३ माणसं गेली. एका रात्रीत ८३. स्मारकावर नावं आहेत, मी उभा राहून सगळी वाचली, आडनावं परत परत तीच येतात. एकेका घरातले बाप-लेक, भाऊ-भाऊ.

आता धागा काढायचं खरं कारण. घराच्या मागच्या शेडमध्ये भिंतीवर एक लाकडी परात टांगलेली आहे, उथळ, लांबट, एका बाजूची कड खूप झिजलेली, त्या कडेवर ओळीने बारीक बारीक खाचा. आधी वाटलं धान्य पाखडायचं सूप असेल पण मग खाचा कशाला? घरमालकीण आजी वयस्क आहेत, शेजारच्याच घरात राहतात, पण त्या फ्रिजियन बोलतात, डच बोलतात, आणि माझं डच ऑफिसपुरतं. त्या हातवारे करून काहीतरी सांगत होत्या, मला 'वर्म' एवढाच शब्द लागला. कुणाला माहीत आहे का?

---

वाचनवेडी

किती सुंदर लिहिलंयस! फोटो टाक ना.

फ्रिजियन ही डचची बोली आहे की वेगळी भाषा?

---

अभ्यासू_बोका

@वाचनवेडी, वेगळी भाषा. फ्रिसलंड प्रांतात डचच्या बरोबरीने राजमान्य आहे, गावांच्या पाट्या दोन्ही भाषांत असतात. इंग्रजीची ती सगळ्यात जवळची नातेवाईक धरतात, म्हणजे 'चीज'ला डचमध्ये 'काआस' पण फ्रिजियनमध्ये 'त्सिस'. त्यावरून एक प्रसिद्ध वाक्य आहे, लोणी, ब्रेड आणि हिरवं चीज, जो हे नीट म्हणू शकत नाही तो खरा फ्रिजियन नाही. सोळाव्या शतकात ग्रुत्ते पिर म्हणून एक बंडखोर होता, धिप्पाड शेतकरी, तो म्हणे पकडलेल्या माणसाला हे वाक्य म्हणायला लावायचा आणि अडखळला की संपला. गोष्ट खरी किती माहीत नाही पण तिथलं पोर पोर सांगतं. पिर मात्र खरा होता, १५२० मध्ये वारला.

---

पेणकर

मी रायगडातला, खारपट्ट्यातला. तुमचा बांधाचा भाग वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे पण हेच सगळं. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध, त्याला बाहेरकाठा म्हणतात, आणि मधे उघाडी. उघाडी म्हणजे झडप, भरतीला पाण्याच्या दाबाने आपोआप बंद होते आणि ओहोटीला आतलं पावसाचं पाणी ढकलून उघडते. डच लोकांकडेही तस्सं असणार ना? आमच्या आजोबांच्या वेळेला बाहेरकाठा फुटला की अख्खं गाव रात्री कंदील घेऊन घमेली घेऊन पळायचं, ज्याच्या घरचा माणूस आला नाही त्याचं नाव गावात निघायचं. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढची दोनतीन वर्षं भात धड येत नाही.

तिकडे बांध फुटला तर काय करायचे?

---

अभ्यासू_बोका

@पेणकर हो, अगदी तसंच, दारं पाण्याच्या दाबानेच उघडझाप करायची. आणि बांध सांभाळायची पद्धत पण ओळखीची वाटेल तुम्हाला, ज्याची जमीन बांधाच्या आत त्याच्यावर बांधाचा ठरावीक तुकडा राखायची जबाबदारी. त्यातूनच पुढे पाणी मंडळं उभी राहिली, आजही नेदरलँड्समध्ये पाणी मंडळाची वेगळी निवडणूक होते आणि त्याचा वेगळा कर असतो.

पण बांध ही फ्रिसलंडमध्ये नंतरची गोष्ट आहे, साधारण हजार वर्षांची. त्याच्या आधी दीड हजार वर्षं तिथे लोक बांधाशिवायच राहिले! कसे, तर टेकाडं करून. त्याला तेर्प म्हणतात. चिखलमातीचे थर, शेण, घरातला कचरा असं एकावर एक टाकत पिढ्यान् पिढ्या टेकाड उंच करत जायचं आणि माथ्यावर घरं. भरतीचं मोठं पाणी आलं की सगळा मुलूख पाण्याखाली, फक्त टेकाडं वर. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी याने शेजारच्याच किनाऱ्यावर हे पाहिलं होतं आणि लिहून ठेवलं, पाणी चढलं की ही माणसं जहाजावरच्या खलाशांसारखी दिसतात आणि ओसरलं की जहाज फुटलेल्यांसारखी. त्याला त्यांची दया आली होती, चिखल वाऱ्यावर वाळवून त्यावर अन्न शिजवतात म्हणून. तो चिखल म्हणजे पीट, दलदलीतली जळाऊ माती.

सगळ्यात उंच तेर्प होखेबाइन्तुमला, समुद्रसपाटीपासून ८.८ मीटर, वर चर्च आहे. मोडरखातपासून फार लांब नाही. आणि त्याची एक बाजू उभी कापल्यासारखी आहे कारण १९ व्या शतकात लोकांच्या लक्षात आलं की शेकडो वर्षांचं शेण आणि कचरा म्हणजे उत्तम खत, मग टेकाडंच्या टेकाडं खणून माती बोटींनी विकली. त्या मातीतून सोन्याचे दागिने, कंगवे, भांडी, माणसांचे सांगाडे निघाले, किती तरी तसंच नांगराखाली गेलं असेल. मला याचं फार वाईट वाटतं. दोन हजार वर्षांचा इतिहास लोकांनी बटाट्याच्या शेतात पसरला.

---

उत्रेख्तवासी

@अभ्यासू_बोका होखेबाइन्तुमला आम्ही गेलो होतो पण हे कापलेलं का ते माहीत नव्हतं, धन्यवाद!! मला वाटलं दरड कोसळली असेल.

डोक्कमला पण गेलो, दहा-बारा किलोमीटरवर आहे, तटबंदीचं गोड शहर. ७५४ साली संत बोनिफास धर्मप्रसार करायला आला आणि त्याला फ्रिजियन लोकांनी तिथेच मारलं. आता त्याच्याच नावाचं चॅपल आणि झरा आहे आणि भाविक येतात. डोक्कम एकेकाळी बंदर होतं हे कळल्यावर तर मी चाटच पडलो कारण आज समुद्र कुठेच दिसत नाही. गाळाने भरलं सगळं.

@वाचनवेडी फोटो रात्री टाकतो.

---

हर्णैची_लेक

परात!! ती परात मला वाटतं मी ओळखली.

सूप नाही ते. लांब दोरीच्या गळाची मासेमारी असते ना, एका लांब मुख्य दोरीला हातहातभर अंतरावर छोट्या दोऱ्या आणि प्रत्येकीला गळ, शेकडो गळ, ती दोरी समुद्रात पसरून ठेवायची आणि नंतर ओढायची. ती दोरी होडीत नेताना गुंता झाला तर सगळं वाया, आणि हाताला गळ लागून माणूस जखमी, दोरी धावताना गळ हातात रुतला तर माणूस ओढला जाऊ शकतो. म्हणून दोरी परातीत किंवा टोपलीत गोल गोल वेटोळी करून रचायची आणि गळ सगळे एका कडेला ओळीने लावायचे. खाचा त्यासाठी असणार. माझ्या आजोबांकडे वेताची टोपली होती, कडेला काथ्याची जाड दोरी गुंडाळलेली, त्यात गळ टोचून ठेवायचे. आम्हाला लहानपणी त्या टोपलीच्या जवळपास जायला सक्त मनाई.

आणि 'वर्म' म्हणजे किडे असणार, आमिष. चिखलातले किडे.

---

उत्रेख्तवासी

ताई तुम्ही ग्रेट आहात!! कडेची झीज एकाच बाजूला आहे, ते बरोबर जुळतंय.

---

दर्यावर्दी

मी मर्चंट नेव्हीत होतो, उत्तर समुद्रात बरीच वर्षं काढली. १८८३ च्या वादळाबद्दल थोडं लिहितो, कारण 'वादळ झालं आणि होड्या बुडाल्या' इतकं ते सरळ नाही.

त्या होड्या सपाट तळाच्या. त्यांना आक आणि ब्लेझर म्हणायचे. मोडरखातला बंदर नव्हतं, होड्या उथळ पाण्यातच नांगरून ठेवायच्या, ओहोटीला त्या चिखलावर बसायच्या. खोल तळाची होडी चिखलावर आडवी पडली असती, म्हणून तळ सपाट आणि बाजूला दोन मोठे लाकडी पंखे, वाऱ्याने होडी आडवी सरकू नये म्हणून ते पाण्यात सोडायचे. बेटांच्या आतल्या उथळ समुद्रात ही होडी एक नंबर. पण मासे मिळायचे बेटांच्या बाहेर, उत्तर समुद्रात. मार्चच्या सुरुवातीला हवा चांगली होती, हिवाळ्यानंतर हातात पैसे नसतात, सगळे निघाले. ५ मार्च सोमवार होता, हे लोक धर्माचे कडक, रविवारी होडी हलवणार नाहीत.

रात्री वायव्येकडून वादळ आलं. आता विचार करा, वायव्येचा वारा तुम्हाला सरळ किनाऱ्याकडे ढकलतो. किनाऱ्याआधी बेटं, बेटांच्या मधे अरुंद खाड्या, खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे पट्टे, आणि त्या पट्ट्यांवर लाटा फुटतात. घरी जायची वाट तिथूनच. अंधारात, थंडीत, सपाट तळाच्या होडीने ती वाट शोधायची. बाहेर खोल समुद्रात थांबलं तर होडी टिकत नाही आणि आत यायला गेलं तर वाळूवर आपटून फुटते. मी स्वतः त्या भागातून मोठ्या जहाजाने गेलोय, रडार असताना. त्या माणसांकडे होकायंत्र, पाण्याची खोली मोजायची शिसं लावलेली दोरी आणि डोळे. अजून जास्त लिहवत नाही.

---

हर्णैची_लेक

२००९ च्या नोव्हेंबरमध्ये फयान चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्याकडच्या आया बंदरावर तीन दिवस उभ्या होत्या. मी तेव्हा कॉलेजात. ११ तारखेची ती दुपार मला मिनिटामिनिटाने आठवते. प्रत्येक होडी दिसली की आधी रंग बघायचा, मग नाव. त्यामुळे ८३ वाचून मला नुसता आकडा दिसत नाही, मला त्या बांधावर उभ्या बायका दिसतात. त्यांना तर होडी चार मैलांवरून ओळखू येत असणार, शिडाच्या ठिगळावरून.

मागे राहिलेल्यांचं काय झालं पुढे?

---

अभ्यासू_बोका

@हर्णैची_लेक देशभरातून विधवांसाठी आणि मुलांसाठी वर्गणी जमली, त्या काळातल्या वर्तमानपत्रांमुळे बातमी सगळीकडे पोचली होती. पण गावाचा मासेमारीचा ताफा परत कधी तसा उभा राहिला नाही. उरलेल्या पाच होड्यांवर गाव कसं चालणार, आणि नवीन होडी घ्यायला पैसा कुठला आणि माणसं कुठली.

पुढे समुद्रच लांब गेला म्हणा ना. १९३२ ला ३२ किलोमीटरचा मोठा बांध, आफस्लाउटडाइक, घालून झाउडरझे हा जमिनीत आत शिरलेला समुद्र बंद केला, तो पश्चिमेकडे. आणि मोडरखातच्या अगदी शेजारचा लाउअर्सझे, तोही तसाच आत शिरलेला समुद्र, १९६९ ला बंद केला, त्याचं गोड्या पाण्याचं तळं झालं. त्याच बांधावर लाउअर्सओख हे नवीन बंदर झालं आणि या भागातल्या मासेमारी बोटी आता तिथे असतात.

१९५३ च्या महापुरात नैऋत्येकडे १८३६ माणसं गेली, त्यानंतर देशभरचे समुद्रबांध उंच करायचं ठरलं, मोडरखातच्या मागचा तो हिरवा डोंगर त्याचाच भाग. उत्रेख्तवासी, तुम्हाला घरातून समुद्र दिसला नाही ना, १८८३ मध्ये बांध एवढा उंच नव्हता.

---

पेणकर

म्हणजे त्या बायकांना खिडकीतून दिसत असेल समुद्र?

---

अभ्यासू_बोका

@पेणकर खिडकीचं मी ठामपणे नाही सांगू शकत, घराघरावर आहे. बांधावर चढायला पावलं कमी लागत असणार एवढं नक्की.

---

वाचनवेडी

फोटो बघितले. तो भिंतीतला पलंग!! आणि निळ्या फरश्या चुलीमागे!! मला वाटलं होतं फक्त संग्रहालयात असतं असं.

---

उत्रेख्तवासी

संग्रहालय पण आहे, आमच्या घरापासून दोन मिनिटांवर, फिस्कर्सहूस्के. हूस्के म्हणजे छोटं घर, घरकुल. १९६५ पासून आहे, कोळ्यांची जुनी घरं जशीच्या तशी राखलीत, सगळ्यात जुनं १७९४ चं. स्मारक त्याच्या सात वर्षं आधीचं, १९५८, दुर्घटनेला ७५ वर्षं झाली तेव्हाचं.

गंमत म्हणजे पासेन्स आणि मोडरखात एकाला एक चिकटलेली असूनही १९८४ पर्यंत दोन वेगळ्या नगरपालिकांत होती. बुडालेले मात्र दोन्हीकडचे मिळूनच मोजतात, स्मारक एकच.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: गाडी असेल तर उत्रेख्तहून साधारण अडीच तास. उन्हाळ्यासाठी घर आधीपासून धरा. दुकान गावात नाहीच समजा, सामान डोक्कमहून भरून न्या. चिखलात चालायला जायचं असेल तर वाटाड्याशिवाय अजिबात जाऊ नका, भरती मागून येते, तुम्ही पुढे बघत असता आणि मागची खाडी भरलेली असते. आम्ही वाटाड्याबरोबर गेलो, गुडघ्यापर्यंत पाय रुतत होते, मुलीचा एक बूट अजून तिथेच आहे. जागतिक वारसा आहे तो सगळा चिखल, २००९ पासून.

---

दर्यावर्दी

त्याच वारशाखालून गॅस काढतात. २००७ पासून, जमिनीवरून तिरकं बोअर मारून, त्यातली एक जागा मोडरखातलाच आहे. समुद्रतळ किती खचतो ते मोजतात आणि मर्यादेच्या वर गेलं तर नळ बंद करायचा असा नियम आहे. ज्या गावाने समुद्राला इतकं दिलंय त्याच्या पायाखालून अजून काढणं मला पटत नाही, स्पष्ट सांगतो.

---

कोकणी_मेवा

कोळंबीचं काही? तिकडची छोटी राखाडी कोळंबी फार चविष्ट असते असं ऐकलंय.

---

उत्रेख्तवासी

@कोकणी_मेवा आहाहा. नखाएवढी, गोडसर. होडीवरच समुद्राच्या पाण्यात उकडतात. पूर्वी ती सोलायचं काम घराघरात चालायचं, टेबलावर ढीग ओतायचा आणि आई, आजी, शाळेतून आलेली पोरं सगळे सोलायला बसायचे, वजनावर पैसे. १९९० च्या सुमारास स्वच्छतेच्या कारणाने घरी सोलणं बंद झालं आणि आता तीच कोळंबी थंड ट्रकमधून मोरोक्कोला जाते, तिथल्या बायका सोलतात आणि परत इकडे येते. मी पॅकेटवर वाचलं तेव्हा विश्वासच बसला नाही.

---

हर्णैची_लेक

म्हणजे तिकडेही सोलायचं काम बायकांचंच. आमच्याकडे सोडे करायचं काम जसं. माणूस समुद्रावर गेला असं सगळे म्हणतात पण अर्धी मासेमारी किनाऱ्यावरच होते, ती कुणी मोजत नाही. दादा, त्या आजींना परत विचारा ना परातीबद्दल. कुणीतरी डच बोलणारं सोबत घेऊन फोन करा.

---

उत्रेख्तवासी

केला फोन. ऑफिसातली एक मैत्रीण फ्रिजियन आहे, लेउवार्डनची, तिला जेवायला बोलावलं आणि आजींना व्हिडिओ कॉल लावला. तिने फ्रिजियनमध्ये सुरू केल्यावर आजींचा चेहराच बदलला, पाऊण तास बोलत होत्या. मैत्रीण मधे मधे थांबवून मला सांगत होती, जेवढं टिपता आलं तेवढं लिहितो.

हर्णैच्या ताई शंभर टक्के बरोबर. परात गळांच्या दोरीची. आजी म्हणाल्या खाचांची कड नेहमी बाईच्या डाव्या हाताला, उजव्या हाताने आमिष लावायचं. वर्म म्हणजे चिखलातले ते किडे. ओहोटी लागली की बायका आणि मोठ्या मुली फावडं आणि बादली घेऊन चिखलात जायच्या, पावलं थंडीने बधिर व्हायची, वाळूवर किड्याच्या विष्ठेची छोटी वेटोळी दिसतात तिथे खणायचं. ओहोटी पहाटे असेल तर पहाटे, रात्री असेल तर कंदील घेऊन. घरी येऊन एकेका गळाला एकेक किडा, शेकडो गळ, परातीत दोरी रचून तयार, आणि मग पुरुष ती घेऊन होडीवर.

मी विचारलं ही परात १८८३ च्या आधीची आहे का. आजी म्हणाल्या नाही, नंतरची. त्यांच्या पणजीची. पणजीचा नवरा त्या रात्री गेला, तिची आधीची परात त्याच्याबरोबर होडीवर होती. घरात परात नव्हती म्हणून तिने नंतर ही करून घेतली आणि शेजारच्या उरलेल्या होडीसाठी गळ लावायचं काम धरलं, चार मुलं होती.

मग आजी फोन घेऊन शेडमध्ये गेल्या, परात खाली काढली, मांडीवर ठेवली आणि आमच्यासाठी सुतळीचा तुकडा घेऊन दाखवलं. वेटोळं, वेटोळं, गळ कडेला. वेटोळं, वेटोळं, गळ कडेला. गळ नव्हताच हातात, पण बोटं बरोबर खाचेवर थांबत होती.

---

हर्णैची_लेक

व्हिडिओ रेकॉर्ड केलात का? केला असेल तर मला पाठवा. आईला दाखवायचाय.

---

उत्रेख्तवासी

केलाय, आजींना विचारून. ताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा.